पाय दाबला की शिट्टी

‘गाडीतून शिट्टी येते’ एवढंच सांगून गाडी सोडली, तर समोरचा माणूस सगळ्यात महागड्या भागाकडे बोट दाखवू शकतो. माझ्या बाबतीत तसंच झालं. गाडी जुनी, १.३ लिटरची डिझेल हॅचबॅक. कासारवडवलीहून ठाणे स्टेशनकडे येताना पुलांच्या चढावर इंजिनाकडून बारीक शिट्टी यायची, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जागेवर उभी करून रेस दिली आणि एस्टिमेट हातात ठेवलं. टर्बो असेंब्ली, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा अख्खा भाग, बदला. आकडा पाच अंकी. मी सही केली नाही, कारण जागेवर रेस दिल्यावर ती शिट्टी वाजलीच नव्हती. न वाजलेल्या आवाजाचं निदान कशावरून केलं, याचं उत्तर तिथे कोणाकडेच नव्हतं.

मग मी स्वतःच आवाजाच्या मागे लागले. भाच्याला शेजारी बसवलं, फोनवर रेकॉर्डिंग करायला. एसी बंद केला, ब्लोअर बंद केला, काही फरक नाही. वेग तोच असताना नुसता पाय काढला की शिट्टी लगेच थांबायची. म्हणजे वारा नाही आणि चाकाचं बेअरिंगही नाही, कारण ते आवाज गाडीच्या वेगाबरोबर येत राहतात. वाघबीळ आणि मानपाड्याच्या पुलांवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की २,००० आरपीएमच्या पुढे ती हमखास यायची. मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांलगत काच खाली करून गेलो तेव्हा आवाज पत्र्यावर आपटून परत आला आणि सगळ्यात स्पष्ट ऐकू आला. गायमुखच्या चढावर तर गाडी ओढेचना, आरशात मागे काळा धूर दिसत होता.

हा धूर फार महत्त्वाचा. टर्बोत इंजिनाच्या धुराच्या झोताने एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून, ती गार करणाऱ्या इंटरकूलरमार्गे, इंजिनात ढकलतो. छोट्या टर्बोत हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. पण इंजिनावर लोड आल्याशिवाय खरा दाब चढत नाही, न्यूट्रलमध्ये कितीही रेस द्या. मधल्या पाइपाला चीर असेल तर दाब चढल्यावरच हवा तिथून निसटते आणि शिट्टी वाजते. हवा मोजणारा सेन्सर मात्र टर्बोच्या आधी, एअर फिल्टरजवळ असतो. मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचत नाही, डिझेल मात्र त्याच हिशेबाने पडत राहतं. म्हणून काळा धूर, म्हणून पिकअप गेलेला. टर्बोचं सील गेलं असतं तर ऑइल जळून धूर निळसर आला असता आणि ऑइल कमी झालं असतं. ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर ऑइल जागच्या जागी होतं.

हे सगळं घेऊन मी वागळे इस्टेटमधल्या एका मिस्त्रींकडे गेले. रेकॉर्डिंग ऐकून ते म्हणाले, “ताई, आधी चालवून बघू, मग बॉनेट उघडू.” तिथेच मला धीर आला. परत आल्यावर त्यांनी टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून दांडा बोटांनी हलवला. आडवा किंचित हलत होता, तेवढं चालतं. पुढे-मागे हालचाल नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. “टर्बो चांगलाय.”

मग पाइपांमध्ये कमी दाबाने धूर सोडून बघितलं. पहिल्यांदा काहीच दिसेना. त्यांनी इंजिन हाताने जरा ढकललं, तेव्हा इंटरकूलरच्या होज पाइपाच्या वळणाखालून धुराची बारीक रेघ निघाली. तिथेच ऑइल आणि धुळीचा चिकट काळा थर होता. चीर एवढी बारीक, की पाइप वाकवल्याशिवाय दिसतच नव्हती.

पाइप बदलून गाडी दिली असती तरी मी समाधानाने घरी गेले असते. ते मात्र म्हणाले, “फाटला का, ते बघायला पाहिजे.” इंजिनाला जागेवर धरून ठेवणाऱ्या एका माउंटिंगचं रबर गेलं होतं. लोड आला की इंजिन नको तेवढं डुलायचं, पाइप ताणला जायचा आणि चीर उघडायची. नवा पाइपही काही महिन्यांत तिथेच फाटला असता. या एका प्रश्नासाठी मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

टेप गुंडाळून भागेल का, असं भाच्याने विचारलं होतं. भागत नाही. आतला दाब, उष्णता आणि ऑइल, तिन्ही मिळून टेप सोडवतात. नवा पाइप, नवे क्लॅम्प, नवं माउंटिंग बसवलं. बसवण्याआधी दोन्ही तोंडांवरचं ऑइल त्यांनी कोरडं पुसून घेतलं, नाहीतर दाब आल्यावर पाइप निसटतो. बिल टर्बोच्या एस्टिमेटच्या जवळपासही गेलं नाही. शिट्टी गेली, गाडी पुन्हा ओढायला लागली, धूरही थांबला.

हे ऐकून सोसायटीतल्या एका काकांनी आपलीही गाडी तशीच वाजते म्हणून तोच पाइप मागवायचं ठरवलं. मी आधी त्यांच्याबरोबर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गेले. त्यांची शिट्टी वेग वाढला की सुरू व्हायची आणि पाय काढला तरी चालूच राहायची. पुढच्या काचेच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावली, परत त्याच वेगाने गेलो, आवाज बंद. काचेची रबर बीडिंग एका कोपऱ्यात उचलली गेली होती. पाइपाची ऑर्डर त्यांनी रद्द केली.