खून, काउंटर आणि रो टीगार्डन

रविवार, रात्री उशिरा

आज वाचनालय बंद, पाऊसही होता, त्यामुळे दुपारभर लोळून ते पुस्तक एकदाचं संपवलं. शार्लेन हॅरिसचं 'रियल मर्डर्स', 1990 सालचं. भाचीने किंडलवर टाकून दिलेलं, मावशी यातली हिरॉईन तुझ्यासारखी लायब्ररीत कामाला आहे आणि खुनी शोधते म्हणे. म्हटलं बाई, मला इथे विश्वकोशाचा गायब झालेला खंड सापडेना आणि खुनी कुठला शोधतेय.

गाव लॉरेन्सटन, अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटापासून जवळ. नकाशात शोधू नका, लेखिकेने मनाने वसवलंय. तिथल्या सार्वजनिक लायब्ररीत अरोरा टीगार्डन काम करते, सगळे तिला रो म्हणतात, बुटकी, चष्मेवाली, तिशीच्या अलीकडची, आई घरं विकण्याच्या धंद्यात एकदम तोऱ्यात आणि पोरगी आपली पुस्तकात डोकं घालून. गावात एक क्लब आहे, महिन्यातून एकदा जमायचं आणि खऱ्या घडलेल्या जुन्या खुनांवर चर्चा करायची. आपल्याकडे भिशी असते तशी यांची खुनांची भिशी! त्या रात्री रो वॉलेस केसवर बोलणार असते, तयारी करून जाते आणि हॉलच्या स्वयंपाकघरात तिला क्लबातलीच एक बाई मेलेली सापडते, तीही हुबेहूब त्याच केससारखी मांडून ठेवलेली.

इथे मी किंडल बाजूला ठेवून ती खरी वॉलेस केस वाचत बसले, चहा गार झाला. लिव्हरपूल, जानेवारी 1931. विल्यम वॉलेस, विम्याचा एजंट, साधा सरळ माणूस, बुद्धिबळाच्या क्लबात जाणारा. एका संध्याकाळी तो पोचायच्या आत क्लबात फोन येतो, कोणी क्वाल्ट्रो नावाचा माणूस, वॉलेसला निरोप द्या म्हणतो, उद्या साडेसातला 25 मेनलव्ह गार्डन्स ईस्टला या, विम्याचं काम आहे. दुसऱ्या दिवशी हा ट्रामने जातो, कंडक्टरला विचार, पोलिसाला विचार, आणि मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ आहे, साऊथ आहे, वेस्टही आहे, ईस्ट नाहीच! घरी येऊन बघतो तर बायको ज्युलिया मेलेली आणि तिच्या अंगाखाली याचाच रेनकोट. कोर्टाने फाशी सुनावली, पण मे महिन्यात अपिलात सुटला, का तर पुराव्यावरून तो निकाल टिकतच नव्हता. दोन वर्षांनी बिचारा आजारपणात गेला आणि फोन कोणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. तो फोन त्यानेच केला असं म्हणणारेही आहेत. मला काही तसं वाटत नाही, पण रात्री बाराला माझ्या वाटण्याला कोण विचारतंय.

आणि गंमत म्हणजे याच 1931 साली मद्रासला रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम छापून आले, जे आम्हाला सर्टिफिकेट कोर्सला घोकायला लावलेले. वाचकाचा वेळ वाचवा हा चौथा. रो टीगार्डन तो अजिबात पाळत नाही, पहिला खून झाल्यावर पन्नासेक पानं कोण कोणाबरोबर जेवायला गेलं त्यातच जातात. एक पोलीस आहे, एक रहस्यकथा लिहिणारा लेखक आहे, दोघांनाही ही आवडते, चालायचंच.

मग विषारी चॉकलेटं येतात, एक माणूस बाथटबमध्ये मेलेला सापडतो फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी मारा टबात मारला गेला त्याच्यासारखा, म्हणजे कोणीतरी जुने गाजलेले खून एकेक करून पुन्हा करतंय आणि संशय क्लबातल्याच लोकांवर, कारण एवढं डिटेलमध्ये माहीत आणखी कोणाला असणार. ही आयडिया मला फार आवडली. याला कोझी म्हणतात म्हणे, छोटं गाव, ओळखीची माणसं, हौशी शोधणारी, रक्तबिक्त फार दाखवायचं नाही. पण यात कुऱ्हाडीचंही प्रकरण आहे, त्यामुळे उबदार वगैरे समजून झोपायच्या आधी घेऊ नये. या प्रकारच्या पुस्तकांना तिकडे अगाथा ख्रिस्तीच्या नावाने बक्षीस देतात आणि बक्षीस म्हणून चक्क चहाची किटली. 'रियल मर्डर्स'ला नुसतं नामांकन मिळालं, किटली दुसऱ्या कोणाला गेली.

पण मला खरी गोष्ट लिहायचीय ती वेगळीच. रो लायब्ररीत कामाला आहे, पण खुनी शोधायला तिला लायब्ररीचा तसा उपयोग होत नाही, जुन्या केसेस पाठ आहेत त्याचा होतो. बँकेत असती तरी चाललं असतं. आणि मी विचार करत बसले की काउंटरवर बसणाऱ्या बाईला खरं काय काय माहीत असतं. कोणाच्या घरी आजारपण आलंय ते आम्हाला डॉक्टरच्या पाठोपाठ कळतं, कारण मधुमेहाची, किडनीची पुस्तकं बदलून न्यायला लागतात. कोणाचा मुलगा एमपीएससी सोडून आता शेळीपालनाचं पुस्तक नेतोय. एका काकांनी मृत्युपत्र कसं करावं ते पुस्तक नेलं, दोन दिवसांनी त्यांचा मुलगा तेच मागायला आला. आहे बाहेर गेलेलं, एवढंच म्हटलं मी. कोणाकडे आहे विचारत होता, नाही सांगितलं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत कोणी काय वाचलं ते गुपित ठेवायचा कायदाच आहे. आमचं देवघेव रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं, ज्याला हवं तो मान वाकडी करून बघतो, मीच त्यावर आजचा पेपर टाकून ठेवते.

म्हणजे ग्रंथपाल डिटेक्टिव्ह खरी असेल तर तिची पंचाईत ही की तिला सगळं माहीत आहे आणि तिने तोंड उघडायचं नाही. त्यावर कोणी लिहावं ना! मराठीत आमच्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आहेत, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आहे, सगळे पुरुष, सगळे धडाकेबाज. तालुक्याच्या ब वर्ग वाचनालयात वर्गणीच्या पावत्या फाडणारी बाई कुठे आहे? आमच्याकडे तर खुनी शोधायची गरजही पडत नाही, आधीच्या वाचकाने तिसऱ्या पानावर पेन्सिलीने नाव लिहून ठेवलेलं असतं. खोडून खोडून माझे खोडरबर संपतात. एकाने तर मुद्दाम चुकीचं नाव लिहिलेलं, त्याला मात्र मानलं!

त्या क्लबात एक जेन एंगल आहे, रिटायर झालेली शाळेची लायब्ररियन, म्हातारी, सभ्य, पांढरे केस, गप्प बसून सगळं बघणारी. माझं मन रोपेक्षा तिच्यावरच बसलं. तिची पानं कमी आहेत याचा रागच आला मला. मग भाचीला मेसेज केला तर ती म्हणाली पुढचं वाच, 1992 चं, त्यात जेन वारते आणि आपलं घर, भरपूर पैसे आणि घरात लपवून ठेवलेली एक माणसाची कवटी रोच्या नावावर करून जाते. बघा, शाळेची लायब्ररियन! एवढी वर्षं पोरांना शूऽऽ करत होती आणि घरात कवटी. भाचीला म्हटलं आत्ताच्या आत्ता टाक किंडलवर, उद्या सोमवार आहे, पण दुपारी काउंटरला चारपर्यंत काळं कुत्रं येत नाही.