माझा अनुभव : गजकर्णाचा जाच आकड्यात मोजताना

गजकर्णाला दुखणं म्हणून कोणी मोजतच नाही. घरचे म्हणतात, "खाजच तर आहे." पण कमरेला, जांघेत, परकराच्या नाडीखाली दोन-दोन वर्षं खाजणाऱ्या माणसाचं रोजचं जगणं किती बिघडतं, हे मोजायचं म्हणून आम्ही हे काम घेतलं. वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यातल्या खेड्यांतून येणारे, तपासणीत बुरशी सापडलेले, १८ वर्षांवरचे रुग्ण, आणि मोजायला 'डीएलक्यूआय' (डर्मॅटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स) ही, त्वचेच्या दुखण्याने रोजचं जगणं किती बिघडलं ते गुणांत मोजणारी प्रश्नावली.

ही प्रश्नावली वेल्समधल्या कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. प्रश्न दहा, सगळे मागच्या सात दिवसांबद्दलचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. ० ते १ म्हणजे परिणाम नाही, २ ते ५ थोडा, ६ ते १० मध्यम, ११ ते २० फार, २१ ते ३० अतिशय. लिहिता-वाचता येणाऱ्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. आमच्याकडे एकेका माणसाला वीस मिनिटं लागायची, आणि ती का लागतात हेच मुख्यतः सांगायचं आहे.

आधीची कागदपत्रं थोडक्यात. मराठी भाषांतर घरी बसून करायचं नाही. हक्क असणाऱ्यांकडून परवानगी काढून त्यांचं अधिकृत भाषांतरच घ्यायचं. नैतिक समितीची मंजुरी पहिला रुग्ण घेण्याआधी हवी. रुग्णसंख्येसाठी प्रमाण ५० टक्के आणि चूक ७ टक्के धरली तर १९६ येतात. त्यावर मध्येच सोडून जाणाऱ्यांचे दहा टक्के धरून आम्ही २१६ ठरवले. सही न येणाऱ्याच्या संमतिपत्रावर अंगठा आणि तटस्थ साक्षर साक्षीदाराची सही लागते. इथे आमची पहिली चूक झाली. रुग्ण गोळा करून आणणाऱ्या आशाताईंनाच साक्षीदार केलं होतं. त्या आमच्याच कामातल्या, मग तटस्थ कशा? ती संमतिपत्रं पुन्हा घ्यावी लागली.

संमती घेताना 'चट्टा' हा शब्द टाळावा. कुष्ठरोगाच्या शोधमोहिमांमुळे इकडे चट्टा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महारोग येतो, आणि बाई उठून चालू लागते. "हा महारोग नाही" हे वाक्यही तपासल्याशिवाय बोलू नये. फिकट, न खाजणारा डाग दिसला की रुग्णाला डोळे मिटायला लावून कापसाच्या वातीने स्पर्श करून पाहायचा. स्पर्श कळत नसेल तर तो रुग्ण आपल्या अभ्यासातला नाही. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, तिथे औषध फुकट आहे.

बुरशीची खात्री केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तपासणीने. डाग ७० टक्के स्पिरिटने पुसून वाळू द्यायचा. मग १५ नंबरच्या पात्याच्या बोथट बाजूने कोंडा खरवडायचा, तो डागाच्या मधला नाही, वाढत्या कडेचा. मधली कातडी बरी होत आलेली असते, तिथे काही सापडत नाही. कोंडा काळ्या कागदाच्या पुडीत घ्यावा, पांढऱ्यावर दिसत नाही. काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर झाकणकाच, आणि दहा ते वीस मिनिटं थांबायचं. गर्दीच्या दिवशी हे थांबणंच होत नाही, आणि पेशी न विरघळलेली पट्टी 'बुरशी नाही' म्हणून बाजूला पडते. आधी १० च्या, मग ४० च्या भिंगाखाली पाहायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत एक खास घोळ होतो. अंगावरचे कापसाचे तंतू पट्टीवर येतात आणि नवख्याला ते बुरशीचे धागे वाटतात. बुरशीच्या धाग्याला आडवे पडदे आणि फाटे असतात, जाडी सारखी असते. कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो.

मलमाचा प्रश्न याहून किचकट. "काही लावलं होतं का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, कारण मेडिकलमधून आणलेली ट्यूब म्हणजे औषध असं कोणी धरत नाही. त्यापेक्षा असं विचारावं :

"खाजल्यावर काय लावता, माय?"
"ट्यूब देल्ली न जी मेडिकलवाल्यानं. लावलं का थंड वाटते."

ट्यूब, रिकामी असली तरी, पुढच्या वेळी आणायला सांगायची आणि घटक वाचायचे. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसलं की स्टिरॉइड आहे. बुरशीविरोधी औषधासोबत हे मिसळलेली मलमं चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. त्याने दोन दिवसांत लाली आणि खाज बसते, बुरशी मात्र पसरत राहते. डागाच्या आत दुसरी कडा, जांघेतल्या पातळ कातडीवर ताणल्याच्या रेघा, अशा खुणा दिसल्या तर रुग्ण काहीही म्हणो, स्टिरॉइड धरायचंच. हे वेगळ्या रकान्यात नोंदवलं नाही तर पुढचा सगळा हिशेब फसतो. मलम कालपर्यंत चालू असलेल्या बाईची मागच्या सात दिवसांतली खाज मलमाने दाबलेली असते.

आता प्रश्न. 'मागचे सात दिवस' हे खेड्यात कोणी तारखेने मोजत नाही. आम्ही बाजारावर आणलं : "मागच्या बुधवारच्या बाजारापासून आजपर्यंत." ज्या गावचा बाजार ज्या वारी, तो वार फॉर्मवर आधीच लिहून ठेवायचा. खाजेची ० ते १० पट्टी वेगळी घेतली होती. तिथे आकडा सांगायला लोक अडखळतात, म्हणून दहा चिंचोके पुढे ठेवून "खाज जितकी, तितके उचला" असं केलं. म्हातारी माणसं 'बारा आणे खाज' असं छान सांगतात, पण सोळाचं दहात बसवायला गेलं की वाद सुरू होतो.

प्रश्न वाचून दाखवायचा तर शब्द बदलायचे नाहीत, उदाहरण द्यायचं नाही, आणि सगळ्या रुग्णांना शक्यतो एकाच माणसाने वाचावं. मी सुरुवातीला 'कपडे' या प्रश्नाला "म्हणजे जाडं लुगडं नेसता येत नाही असं?" अशी मदत केली. ज्यांना मदत केली ते सगळे "हो" म्हणाले. ते फॉर्म टाकून द्यावे लागले.

सातवा प्रश्न सगळ्यात फसवा. त्वचेमुळे काम किंवा शिक्षण बंद पडलं का? उत्तर ठरलेलं : "वावरात त जाच लागते न जी." म्हणजे 'नाही'. इथे बरेच जण ० लिहून पुढे जातात. पण या प्रश्नाचा दुसरा भाग आहे. बंद पडलं असेल तर ३. नसेल तर कामात किती अडचण झाली, ते विचारून २, १ किंवा ०. रोजी बुडू नये म्हणून खाजवत-खाजवत निंदण करणारी बाई पहिल्या भागात कधीच सापडत नाही.

शरीरसंबंधांचा नववा प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारून उपयोग नाही. बाई विचारणारी हवी. सोबतच्या माणसाला वजन आणि बीपी घ्यायला पलीकडच्या खोलीत न्यायचं, तेवढ्यात हा प्रश्न. नवरा मध्येच "तिला काही त्रास नाही" म्हणाला तर ते उत्तर लिहायचं नाही.

फॉर्म रुग्णासमोरच तपासावा. एक प्रश्न राहिला तर त्याला ० धरून चालतं, दोन राहिले की फॉर्म बाद. एसटी निघून गेल्यावर हे लक्षात येऊन काय उपयोग?

खरा पेच 'लागू नाही' या पर्यायाचा. पहिले दोन प्रश्न सोडले तर तो सगळीकडे आहे, आणि त्याला ० गुण. खेळाच्या प्रश्नावर शेतमजूर बाईचं उत्तर 'लागू नाही', सामाजिक कार्यक्रमांचं बऱ्याचदा तेच, विधवा असेल तर नववाही गेला. उरलेल्या सात प्रश्नांत तिला ९ गुण मिळाले तर नोंद 'मध्यम' होते. २०१८ साली सुचवलेली 'डीएलक्यूआय-आर' ही पद्धत लागू नसलेले प्रश्न भाजकातून काढते : ९ गुणिले १० भागिले ७, म्हणजे १३. तीच बाई 'फार' मध्ये जाते. म्हणून दोन्ही आकडे द्यावेत आणि कोणत्या प्रश्नाला किती जणांनी 'लागू नाही' म्हटलं, त्याचा तक्ताही द्यावा. माझ्या मते गावातल्या अभ्यासात हा तक्ता सरासरीपेक्षा जास्त बोलतो.

चार आठवड्यांनी पुन्हा भेट. किमान ४ गुणांचा फरक पडला तरच रुग्णाच्या दृष्टीने बदल झाला असं धरतात. इथे ऋतू आडवा येतो. मे महिन्याच्या घामात भरलेला पहिला फॉर्म आणि पावसाळ्यात ओल्या कपड्यांत भरलेला दुसरा, यांतला फरक औषधाचाच असं म्हणता येत नाही. आम्ही प्रत्येक फॉर्मवर महिना आणि चालू असलेलं शेतकाम लिहिलं. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, ३० सेंटिमीटरवरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. चेहरा तर नकोच, पण हातावरचं गोंदणही झाकायचं. गावात गोंदणावरून माणूस ओळखू येतो.

भेटीची तारीख देताना कॅलेंडर नाही, वेचणीचा हंगाम आणि बाजाराचा वार पाहायचा. ज्यांना सोमवार दिला ते आले नाहीत. बाजाराचा वार दिला ते आले.