पाळणाघर बंद होतं तेव्हा आपलं काम सुरू होतं

बदली होऊन किंवा घरच्यांच्या नोकरीपायी जळगाव, धुळे, नंदुरबारला येणाऱ्या पत्रकार आया आधी बघतात घरभाडं, शाळा आणि पाळणाघर. हा सगळा दिवसाचा हिशेब झाला. वर्तमानपत्राचा खरा भार असतो संध्याकाळी. तालुक्याच्या वार्ताहरांच्या बातम्या दुपारनंतर येऊ लागतात, पोलीस ठाण्यांची माहिती त्याहून उशिरा. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं आधी सुटतात, शहर आवृत्तीची रात्री. पाळणाघराला कुलूप लागतं नेमकं त्याच सुमाराला. म्हणून संध्याकाळी सहा ते दहा मूल कुणापाशी राहणार, हे ठरल्याशिवाय घराचं डिपॉझिट देऊ नका.

घर ऑफिसजवळ घ्यावं की सांभाळणाऱ्या मावशींजवळ? माझं मत स्पष्ट आहे, मावशींजवळ. त्यांचं घर दोन गल्ल्यांवर असेल तर पान अडकलं म्हणून तासभर जास्त थांबणं त्यांना जड जात नाही. लांबून येणाऱ्या मावशींचं लक्ष आठनंतर रिक्षा मिळेल का याकडे लागतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. शिवाय शहराची ठेवण बघा. जळगावात जुना महामार्ग शहरातूनच जातो, धुळ्यात देवपूर पांझरेच्या पलीकडे आहे. नदीला पूर आला की खालचे पूल बंद होतात आणि नेमकी तीच त्या दिवसाची मोठी बातमी असते. मूल आणि ऑफिस एकाच काठावर असलेले बरे.

मावशी ठरवताना सुट्ट्यांचं बोलणं पहिल्याच दिवशी करून घ्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्यामुळे मावशींकडे पाहुणे असतील किंवा त्या स्वतः माहेरी जातील. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, त्या दिवशी घरातली बाई मोकळी नसते. हे दिवस आणि गणेश विसर्जन, मतमोजणी असे आपले मोठे दिवस एकाच कॅलेंडरवर लिहा, म्हणजे कधी दुसरं माणूस लागणार ते महिनाभर आधी कळतं. पाळणाघरातून मूल कोण नेऊ शकतं, त्यांची नावं आणि फोटो तिथे लेखी देऊन ठेवा.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी खानदेशातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे उन्हाळा. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तो हिशेब २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, आणि स्कूटीच्या डिकीत त्याहून जास्त. तिथे बाटली ठेवायचीच नाही. गोठवलेले आइस पॅक घातलेल्या थर्मल बॅगेत दूध २४ तासांपर्यंत चालतं, फ्रीजमध्ये ४ अंशांना चार दिवस. फ्रीजच्या दारात ठेवू नका, मागच्या बाजूला ठेवा, कारण दार उघडलं की पहिली गरम होते ती दाराचीच जागा. वीज गेली तर फ्रीज उघडायचा नाही. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. एका बाटलीत ६० ते ९० मिली इतकंच दूध भरावं, कारण बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यावं लागतं आणि मोठी बाटली भरली की वाया जातं. गरम करायचं ते बाटली कोमट पाण्यात उभी ठेवून. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, त्यात मध्येच चटका बसेल इतका गरम भाग राहतो.

तीन-चार तासांनी दूध काढणं पत्रकार परिषदेमुळे टळलं की छाती दगडासारखी होते, गाठी येतात, पुढे तापही येतो. एसटी स्टँडवर आणि बऱ्याच सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजण्यासाठीची आडोशाची खोली, असतो. कुलूप असेल तर स्टँडवर वाहतूक नियंत्रकाकडे किल्ली मागा. संकोच नको, तो कक्ष आपल्यासाठीच आहे.

आता कागदपत्रं. प्रसूती रजा मिळण्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. त्याच संस्थेत बदली घेतली तर आधीचे दिवस धरले जातात. राजीनामा देऊन दुसऱ्या दैनिकात गेलात तर मोजणी पुन्हा शून्यापासून. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर ‘इथे नव्याने जॉइन व्हा’ या प्रस्तावाला हो म्हणण्याआधी हे तपासा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची आहे. परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याचाही हक्क आहे. पाळणाघराची सक्ती मात्र ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेलाच आहे, आणि जिल्हा कार्यालयात एवढी माणसं क्वचितच असतात. मानधनावर काम करणाऱ्यांनी पैसे बँकेतच घ्यावेत आणि नावासह छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं तारखेनिशी ठेवावीत. नेमणूकपत्र नसेल तर कामाचा पुरावा हाच.

बीट, म्हणजे बातम्यांसाठी नेमून मिळणारा विषय, मागताना घाबरून फक्त पुरवणी स्वीकारू नका. वर्ष-दोन वर्षं पुरवणीत गेली की शहरात ओळखी बनत नाहीत, आणि नव्या शहरात ओळखी हेच भांडवल. कृषी, आरोग्य किंवा जिल्हा परिषद मागा. या बीटचं बरंचसं काम सकाळी अकरा ते तीनमध्ये होतं, आणि खानदेशात कृषी म्हणजे पहिलं पान. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात, मग पंचनामे आणि पीकविमा महिनोन्‌महिने चालतो. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे दोन तास बसलात तर आठवडाभराचे विषय मिळतात. रात्रीच्या पाळीची अदलाबदल सहकाऱ्याशी तोंडी करू नका, डेस्कच्या ग्रुपवर लिहून टाका. तोंडी ठरलेलं मोठ्या बातमीच्या रात्री कुणालाच आठवत नाही.

धडगाव-अक्कलकुव्याकडे दौरा असेल तर वाटेत फोनची रेंज जाते. त्या वेळेपुरता निर्णय घ्यायचा अधिकार मावशींना द्यावा लागतो. डॉक्टरांचा नंबर, बाळाचं वजन आणि डॉक्टरांनीच मिलीमध्ये लिहून दिलेला तापाच्या औषधाचा डोस, एवढं एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर आईच्या फोनची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा, हे त्यात ठळक अक्षरात हवं. रिक्षावाल्याचा नंबर आणि थोडे सुट्टे पैसे त्याच कागदाला टाचून ठेवा. वजन वाढलं की डोस बदलतो, म्हणून दर तपासणीनंतर हा कागद डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्यायचा.