तुम्ही विचारलंत म्हणून: एकट्या लेखकाची हरकत कोण वाचतं?

देवगड-वेंगुर्ल्याकडे साहित्याचा कार्यक्रम असला की चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, 'कॉपीराइटचा कायदा दिल्लीत ठरतो. तुम्ही इथून हरकती-सूचना धाडता, त्या वाचतं कोण?'

कधी वाचतात, कधी नाही. पण मोठे प्रकाशक आणि तंत्रज्ञान कंपन्या आपलं म्हणणं पगारी वकिलांकडून मांडतात. दिवाळी अंकाचं मानधन शिमग्यापर्यंत लांबतं (आलं तर!), हे त्या वकिलांना कोण सांगणार?

त्याआधी आपली सही कशावर आहे ते बघा. आमच्याकडे आंब्याची बाग व्यापाऱ्याला हंगामापुरती कराराने देतात, कलमं मालकाचीच राहतात. तोच बागायतदार स्वतःची कथा मात्र 'सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी' या ओळीखाली सही करून मोकळा होतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 खरं तर लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो संपतो. कॉपीराइटची नोंदणीही सक्तीची नाही.

माझं हरकतीचं पत्र दीड पानाचं असतं. कलमाचा आकडा, करारातली ओळ नावं झाकून जशीच्या तशी, आणि तिच्यामुळे पदरात काय पडलं ते. 'साहित्यिकांवर अन्याय' हे भाषण मी गाळतो.

दबावाने कायदा हलतो. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, त्यामागे गीतकारांनी लावून धरलेली मागणी होती. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते.

मुदतीकडे लक्ष ठेवावं लागतं. केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. डिसेंबर 2025 मध्ये डीपीआयआयटीने, म्हणजे कॉपीराइटचं काम बघणाऱ्या केंद्राच्या उद्योग विभागाने, एआय आणि कॉपीराइटवरचा वर्किंग पेपर मतांसाठी काढला. त्यातला प्रस्ताव असा: एआय कंपन्यांनी आपलं लेखन प्रशिक्षणाला वापरायचं, आपल्याला नकाराची सोय नाही, बदल्यात रॉयल्टी. मला रॉयल्टीचं वावडं नाही. पण लेखकांच्या कुठल्याच संस्थेचा सभासद नसलेल्या मराठी कथाकाराचा वाटा कोण मोजणार, एवढंच मला विचारायचंय.

भाषेची अडचण सांगू नका. राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने सरकारदरबारी गाऱ्हाणं आपल्या भाषेत घालता येतं. मी मराठीत लिहितो आणि अर्ध्या पानाचा इंग्रजी सारांश जोडतो. बहुधा तोच आधी वाचला जातो, म्हणून कलमांचे आकडे त्यातही घालतो.