फ्लॅक नाव दिलं म्हणून गाणं लॉसलेस होत नाही

फ्लॅक हा लॉसलेस, म्हणजे आवाजाचा कुठलाही तपशील न गाळणारा फाइल प्रकार; एमपी३ मात्र आकार लहान करायला काही तपशील गाळते. एमपी३ फाइल फ्लॅकमध्ये बदलली की आकार फुगतो, आवाज सुधारत नाही. एन्कोडरने (एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने) एकदा टाकून दिलेला तपशील परत येत नाही. संशय आला तर फाइल स्पेकमध्ये (गाण्यातल्या खालच्या-वरच्या कंपनसंख्यांचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा. १२८ केबीपीएसच्या (दर सेकंदाला १२८ किलोबिट माहिती ठेवणाऱ्या) एमपी३वरून बनवलेली असेल तर साधारण १६-१७ किलोहर्ट्झवर कात्रीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसते, वर नुसता काळोख. ३२० केबीपीएसची रेघ २० किलोहर्ट्झच्या आसपास असते, तिथे निकाल द्यायची घाई नको. जुन्या रेकॉर्डिंगमध्येही वरचा भाग रिकामा असतो, पण तो हळूहळू विरतो.

'मला एमपी३ आणि लॉसलेसमधला फरक ऐकू येतो' म्हणणाऱ्यांनी फूबार२००० या म्युझिक प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणी द्यावीच; त्यात नाव न सांगता वाजवलेली फाइल दोनपैकी कोणती ते ओळखायचं असतं. १६ पैकी किमान १२ उत्तरं बरोबर हवीत. त्याआधी दोन्ही फाइल्सची आवाजाची पातळी रीप्लेगेनने (गाण्यांचा आवाज सारखा करणाऱ्या सोयीने) सारखी करा, नाहीतर किंचित मोठी वाजणारीच सरस वाटते.