फोर्ड मॉडेल ए : यांत्रिक ब्रेक काढून न टाकता

माझ्या १९३० सालच्या फोर्ड मॉडेल एचे ब्रेक बेताचेच लागतात असे सांगितले, की ऐकणारे बहुतेक जण एकच उपाय सुचवतात : पेडलची ओढ चाकांपर्यंत नेणाऱ्या सळ्या आणि तरफा काढून टाका आणि हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक बसवा. हा उपाय चुकीचा नाही. ड्यूझेनबर्गने १९२१ मध्येच चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले होते आणि फोर्डनेही ते १९३९च्या मोटारींना अखेर दिले. त्याच मोटारींचे सुटे भाग मॉडेल एला बसवण्याची रीत अमेरिकेत चांगलीच रुळलेली आहे. तरीही मी मूळ यंत्रणा ठेवली. त्यात जुन्या वस्तूचा मोह आहे हे कबूल करतो. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांचा उल्लेख आहे, ब्रेकचा नाही. पण त्यावर वाद घालत बसण्याची मला हौस नाही.

मुळात खोट कुठे आहे, हे जुन्या कात्रज घाटाने दाखवले. उताराच्या सुरुवातीला बऱ्यापैकी लागणारे ब्रेक चार-पाच वळणांनंतर नरम पडले आणि पेडल जवळजवळ फळीला टेकू लागले. खाली थांबून गाडी थंड होऊ दिली, तर पेडल पुन्हा वर! म्हणजे दोष सळ्यांपेक्षा ड्रममध्ये, चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या भागात, अधिक होता. मूळ ड्रम पत्र्याचे, दाबून घडवलेले आहेत. तापले की त्यांचा व्यास वाढतो, त्यामुळे आतून ड्रमवर दाबल्या जाणाऱ्या कमानदार पट्टीला, म्हणजे शूला, ड्रमपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त सरकावे लागते आणि ती सगळी वाढीव चाल पेडलच्या वाट्याला येते; त्यात पत्रा पातळ असल्यामुळे जोराने दाबल्यावर तो किंचित लंबगोलही होतो.

म्हणून पहिला खर्च अकरा इंची बिडाच्या ड्रमांवर केला. बीड जाड असल्यामुळे उष्णता सामावून घेते आणि आकार सोडत नाही. हे ड्रम आजही अमेरिकेत नवे मिळतात. मात्र बसवताना एक धोका आहे. चाकाचे स्टड (चाक ज्यांवर आवळतात ते आटे असलेले खिळे) फुगवून हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पक्के केलेले असतात. ती फुगवलेली कड आधी कापून न काढता स्टड प्रेसखाली ढकलले, तर हबची भोके वाकडी होतात आणि मूळ हब कायमचा वाया जातो. माझ्या टर्नरने पहिल्याच हबला थेट प्रेस लावायची तयारी केली होती. वेळेवर हात धरला म्हणून निभावले.

नवे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे अस्तर, शूवर रिव्हेट केल्यानंतर त्यांची गोलाई प्रत्यक्ष ड्रमच्या गोलाईशी जुळवून घासावी लागते, हे काम आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टाळले जाते. तसे न केल्यास लायनरचा मधला किंवा टोकाचा तेवढाच भाग टेकतो आणि नवे ब्रेक जुन्यांपेक्षा वाईट वाटतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

यानंतरचे काम कंटाळवाणे, पण फरक पाडणारे होते. पेडलपासून चाकापर्यंत प्रत्येक सांध्यात पिन आहे. प्रत्येक पिन आणि तिचे भोक थोडेथोडे झिजले, तरी सगळ्यांची बेरीज होऊन पेडलची पहिली दीड-दोन इंच चाल फुकट जाते. पुढच्या चाकांकडे ओढ पोहोचते ती किंगपिनच्या (पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या उभ्या खुंटीच्या) आतून, खाली सरकणाऱ्या एका बारीक दांड्यामार्फत. हेन्री फोर्डच्या अभियंत्यांची ही कल्पना मला आजही सुंदर वाटते, कारण त्यामुळे चाक वळवले तरी ब्रेकचा ताण बदलत नाही. पण त्या दांड्याचे टोक झिजले, तर पुढची तरफ मागे कलते आणि ओढण्याची ताकद घटते. ही तरफ मोकळी असताना उभ्या रेषेपासून सुमारे १५ अंश पुढे झुकलेली हवी. आधीच्या एका मेकॅनिकने ही झीज झाकण्यासाठी सळ्याच आखूड केल्या होत्या. सळ्यांची लांबी एकदाच ठरवायची असते. लायनरची झीज भरून काढायची ती बॅकप्लेटवरच्या, म्हणजे ड्रमच्या मागच्या स्थिर तबकडीवरच्या, चौकोनी डोक्याच्या ॲडजस्टरने.

जुळवणी करताना आसन आणि पेडल यांच्यामध्ये खाचा पाडलेली लाकडी पट्टी अडकवली, म्हणजे पेडल हव्या तेवढ्याच चालीवर दाबलेले राहते. पहिल्या खाचेत चारही चाके मोकळी, दुसरीत मागची चाके किंचित घासणारी, तिसरीत पुढची घासणारी आणि मागची जड, चौथीत चारही घट्ट. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली हे करायला मला दोन रविवार लागले.

गेल्या आठवड्यात पुन्हा कात्रज उतरलो. घाटाच्या तोंडाशीच गिअर दुसरा टाकला, कारण या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश (गिअर बदलताना चक्रांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही आणि वेग वाढल्यावर तो पडेलच याची खात्री नसते. घाट संपेपर्यंत पेडल तेवढेच उंच राहिले. खाली उतरून चारही ड्रमांजवळ हात नेला, तेव्हा मागचा डावा इतरांपेक्षा गरम लागला. त्याचा ॲडजस्टर एक टिचकी मागे घ्यायचा आहे.