थंडी पडली की हुलगे भिजत पडतात
डिसेंबर लागला की आमच्या बेळगावात सकाळी गॅसजवळनं हलावंसं वाटत नाही, गाव 750 मीटरच्या वर आहे ना, वारं पण बोचरं. मग रात्रीच वाटीभर हुलगे निवडून भिजत टाकते (निवडायचा कंटाळा केला की दाताखाली खडा आलाच म्हणून समजा), सकाळी पाच वाट्या पाणी घालून कुकरला सात-आठ शिट्ट्या, आणि वरचं तांबूस पाणी गाळून घ्यायचं, तेच सार.

फोडणीत लसूण चांगला ठेचून, तांबूस होईपर्यंत, जिरं, कढीपत्ता, सुकी मिरची. आमसूल दोनच, खानापूरच्या मावशी चिंच घालतात पण मला नाही आवडत. चमचाभर हुलगे वाटून सारात घातले की जरा अंगाला येतं, नाहीतर नुसतं पाणी पाणी लागतं. उरलेल्या हुलग्यांची कांदा घालून उसळ.

सोबत जोंधळ्याची गरम भाकरी, पापुद्रा फोडून आत लोणी सोडलेलं, आणि कारळ्याची चटणी. भात हवाच असेल तर मऊ, पण आमचे अहो भाकरीच कुस्करतात आणि वरनं वाटीनं सार पितात, फुर्र आवाज करून. परवा लसूण जरा करपला तरी पातेलं रिकामं!